जुन्या व्हर्जनचे उल्लेख डॉक्समधून कसे काढावेत: पायथॉन ३.८ आणि ३.९ चं उदाहरण

एखाद्या लायब्ररीने जुन्या पायथॉनचा सपोर्ट काढला की कोडमधलं काम तसं लवकर उरकतं. सीआयच्या (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) यादीतून दोन ओळी जातात, पायप्रोजेक्ट फाइलमधला (प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमधला) किमान व्हर्जनचा आकडा वाढतो, पायअपग्रेडसारखं टूल फिरवलं की जुन्या वळणाचा कोड बऱ्यापैकी आपोआप नव्या वळणावर येतो. टेस्ट हिरव्या झाल्या की पीआर (बदलाचा प्रस्ताव) मर्ज. डॉक्सना, म्हणजे वापराच्या लेखी माहितीला, मात्र टेस्ट नसते. तिथे ‘३.८ वर असाल तर असं करा, ३.९ वर असाल तर तसं करा’ ही वाक्यं वर्षानुवर्षं तशीच राहतात, आणि लायब्ररी पहिल्यांदाच वापरणारा माणूस त्यातलं आपल्याला काय लागू आहे हे शोधत बसतो.

उपाय सोपा वाटतो: आकडा शोधा, ओळ उडवा. गोची इथेच आहे. जुन्या व्हर्जनचा उल्लेख असलेल्या वाक्यात पुष्कळदा अशी माहिती असते जी आजही खरी आहे आणि दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही. म्हणून हे काम ओळी उडवण्याचं नाही, वाचून पुन्हा लिहिण्याचं आहे. व्हर्जनची खूण काढायची, माहिती ठेवायची.

पुढचं सगळं एक ठरावीक परिस्थिती धरून लिहितो. तुमची एक पायथॉन लायब्ररी आहे, डॉक्स स्फिंक्समध्ये (पायथॉनवाल्यांच्या डॉक्स बनवायच्या टूलमध्ये) आहेत, तुमचं ५.० येऊ घातलंय आणि त्यात पायथॉन ३.८ व ३.९ चा सपोर्ट काढून किमान व्हर्जन ३.१० करायचं आहे. जावा, नोड किंवा पीएचपीवाल्यांनाही हीच पद्धत चालेल, फक्त टूलची नावं बदलतील.

आधी किमान व्हर्जन एका जागी पक्कं करा

डॉक्सला हात लावण्याआधी प्रोजेक्टमध्ये किमान व्हर्जन कुठे कुठे लिहिलंय ते पाहा. पायप्रोजेक्ट फाइलमधलं रिक्वायर्स-पायथॉन, त्याखालचे क्लासिफायर, सीआयची यादी, डॉकरफाइलमधला इमेज टॅग, रीडमीवरचा बिल्ला, इन्स्टॉलेशनचं पान, बग नोंदवायचा टेम्प्लेट. या सगळ्यांत एकच आकडा असेल असं क्वचितच दिसतं. वाद झाला तर रिक्वायर्स-पायथॉन खरं मानायचं, कारण पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं टूल, तेच पाळतं. बाकीच्या जागा म्हणजे त्याच्या नकला.

पिपचं हे वागणं नीट समजून घ्या, पुढे उपयोगी पडणार आहे. रिक्वायर्स-पायथॉनमध्ये ३.१० लिहिलेलं असेल आणि कोणी ३.८ वरून तुमची लायब्ररी इन्स्टॉल केली, तर पिप एरर देऊन थांबत नाही. त्या पायथॉनला चालणारं सगळ्यात अलीकडचं जुनं रिलीज शोधून ते बसवतं. म्हणजे त्या माणसाकडे तुमचं ५.० च्या आधीचं रिलीज, समजा ४.९, येतं आणि तो वाचत असतो ५.० ची डॉक्स. त्याला यातलं काहीच कळवलं जात नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. पायथॉनचं नवं व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येतं आणि प्रत्येकाला साधारण पाच वर्षं सपोर्ट मिळतो. ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये, ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. थोडक्यात, हे काम दर वर्षी येणारच. त्यामुळे यंदा ते करतानाच पुढच्या वेळी सोपं जाईल अशी सोय करून ठेवायची.

आणि एक सावधगिरी. मूळ पायथॉनने सपोर्ट थांबवला म्हणजे ते व्हर्जन जगातून गेलं असं नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चं सिस्टिम पायथॉन ३.९ च आहे, आणि त्याची देखभाल रेड हॅट पुढेही काही वर्षं करणार आहे. बँका आणि सरकारी खात्यांत असे सर्व्हर सहज सापडतात. तेव्हा डॉक्समध्ये ‘३.९ कालबाह्य झालं आहे’ असं लिहू नका. ‘आमच्या ५.० ला ३.१० किंवा त्यापुढचं पायथॉन लागतं’ एवढंच लिहा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर शेरा मारायचं आपल्याला कारण नाही.

शोधायचं काय, आणि शोध कुठे फसतो

आता यादी करा. गिट ग्रेप (प्रोजेक्टच्या फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) पुरे, पण पॅटर्न विचार करून लिहा. पहिला सापळा म्हणजे टिंब. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शोधाचे पॅटर्न लिहायच्या भाषेत) टिंबाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’, त्यामुळे ते एस्केप केलं नाही तर ३.८ शोधताना ३१८, ३-८ आणि कुठल्यातरी कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशचा तुकडा, असं सगळं हाती लागतं. दुसरा सापळा शब्दसीमेचा. पुढच्या वर्षी तुम्ही ३.१० काढायला बसाल तेव्हा कोणीतरी सवयीने ३.१ शोधेल आणि ३.१० पासून ३.१४ पर्यंत सगळं एकदम समोर येईल. तिसरा सापळा वायएएमएल फाइलचा: तिथे ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर ती संख्या समजली जाते आणि ३.१ होते. सीआय फाइलमध्ये हे घडलं की भलतंच पायथॉन शोधलं जातं. अवतरणात लिहायची सवयच लावून घ्या.

मराठीत किंवा हिंदीत मदत-पानं असतील तर चौथा सापळाही आहे. तिथे आकडे कधी देवनागरीत असतात, कधी इंग्रजीत, आणि एकाच पानावर दोन्हीही. ग्रेपला शून्य ते नऊची इंग्रजी कक्षा दिली तर देवनागरी आकडे त्याला दिसतच नाहीत. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘डिजिट’चा संकेत मात्र युनिकोड स्ट्रिंगवर देवनागरी आकडेही ओळखतो, आणि इंट फंक्शनला देवनागरी ३ दिला तर ते मुकाट्याने तीन परत देतं. अशा पानांसाठी ग्रेपपेक्षा पायथॉनची दहा ओळींची स्क्रिप्ट बरी.

शोध फक्त डॉक्सच्या फोल्डरपुरता ठेवू नका. डॉकस्ट्रिंग, एरर मेसेज, कमांडचं हेल्प, उदाहरणांचं फोल्डर, नोटबुक, चित्रांचा पर्यायी मजकूर, सगळं त्यात येतं. एरर मेसेज तर हमखास सुटतात. ‘हे वापरण्यासाठी पायथॉन ३.९ लागेल’ असा मेसेज किमान व्हर्जन ३.१० झाल्यावर कधीच छापला जाणार नाही, म्हणजे त्यामागची सगळी इफ-एल्सची शाखाच मेलेली आहे.

मग आकड्याशिवायचे उल्लेख. माझ्या मते खरी मेहनत इथे आहे, कारण हे शोधायला आकडा नाही, वळण ओळखावं लागतं. काही ठळक खुणा:

- फाइलच्या डोक्यावर यूटीएफ-८ एन्कोडिंगची ओळ, क्लासच्या कंसात ऑब्जेक्ट, सुपरला दोन आर्ग्युमेंट, सिक्स नावाच्या पॅकेजचा इम्पोर्ट. हे पायथॉन २ चे अवशेष. पायथॉन २.७ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी हे अजून सापडतं.
- टायपिंग मॉड्यूलमधून मोठ्या लिपीतले लिस्ट, डिक्ट, ऑप्शनल, युनियन आणणारी उदाहरणं. ३.९ पासून साधी लिस्ट आणि डिक्ट टाइप म्हणून चालतात, ३.१० पासून युनियनऐवजी उभी रेघ.
- इव्हेंट लूप हाताने मिळवून त्यावर काम चालवणारा असिंकआयओचा (एकाच वेळी अनेक कामं चालवायच्या मॉड्यूलचा) कोड. असिंकआयओ डॉट रन ३.७ पासून आहे.
- सेटअप डॉट पाय थेट चालवून इन्स्टॉल करायची सूचना. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स स्टँडर्ड लायब्ररीतून गेलं, आणि नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येणंही बंद झालं. ही सूचना जुनाट तर आहेच, पण नव्या मशीनवर ती चालतही नाही.
- सुडो लावून पिप इन्स्टॉल. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वर सिस्टिमच्या पायथॉनमध्ये असं करू पाहिलं की पिप नकार देतं.

शिवाय पेस्ट केलेलं आउटपुट. तुमच्या कमांडचं हेल्प डॉक्समध्ये चिकटवलेलं असेल आणि त्यात ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’ असं शीर्षक दिसत असेल, तर ते ३.९ किंवा त्याआधीचं आहे. ३.१० पासून आर्गपार्स (हे हेल्प छापणारं मॉड्यूल) तिथे नुसतं ‘ऑप्शन्स’ छापतं. तसंच ट्रेसबॅकचं, म्हणजे एरर आल्यावर छापल्या जाणाऱ्या मजकुराचं. ३.११ पासून चूक नेमकी कुठल्या शब्दावर आहे ते खाली खुणेने दाखवलं जातं. वाचक आपल्या स्क्रीनवरचं आणि डॉक्समधलं आउटपुट शेजारी ठेवून बघतो, फरक दिसला की आपलंच काहीतरी बिघडलं असं समजतो.

शेवटी काळवाचक शब्द शोधा: आता, सध्या, नुकतंच, नवीन, लवकरच, यापुढे. ‘आता हे फंक्शन लिस्ट परत करतं’ यातला ‘आता’ कधीचा? वाचकाला आधीचं वागणं माहीत नसतं, त्याला फक्त शंका येते.

चार ढीग करा

यादी हाती आली की लगेच एडिटरमध्ये बसू नका. प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारा: हे वाक्य कोणाच्या शंकेला उत्तर देतंय? उत्तरानुसार चार ढीग पडतात.

पहिला ढीग फक्त ३.८ किंवा ३.९ वर असणाऱ्यांसाठीच्या सूचनांचा. तो पूर्ण जातो.

दुसरा ‘अमुक व्हर्जनपासून उपलब्ध’ अशा नोंदींचा. किमान व्हर्जनच्या खालच्या जातात, वरच्या राहतात. किमान ३.१० असेल तर ‘३.९ पासून’ ही नोंद निरर्थक झाली, पण टॉमलिब (टॉमल फाइल वाचायचं मॉड्यूल) ३.११ मध्ये आलं ही नोंद जिवंत आहे, कारण ३.१० वरच्या माणसाला त्याऐवजी टॉमली बसवावं लागतं. घाईत सगळ्याच नोंदी एका फटक्यात उडवणारे पीआर येतात, रिव्ह्यू करताना यावर नजर ठेवा.

तिसरा ढीग इतिहासाचा: चेंजलॉग, रिलीज नोट्स, ४ वरून ५ वर जायचं मार्गदर्शन. याला हात लावायचा नाही. २०२१ च्या रिलीज नोटमध्ये ‘पायथॉन ३.९ चा सपोर्ट आणला’ असं लिहिलं असेल तर ते आजही खरंच आहे. सरसकट फाइंड-रिप्लेस मारून असे जुने दस्तऐवज ‘अपडेट’ करणं म्हणजे मागच्या तारखेची पावती बदलणं.

चौथा ढीग मिसळलेल्या वाक्यांचा. वाक्याला जुन्या व्हर्जनचं लेबल लागलंय, पण आत आजही लागू असलेली माहिती आहे. सगळा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

आणखी एक गुंता: एकाच पानावर तीन-चार वेगवेगळ्या व्हर्जनच्या शिड्या असतात. पायथॉनची, तुमच्या लायब्ररीची, जँगोची (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कची), उबुंटूची. ‘३.२ पासून’ म्हणजे पायथॉन ३.२, जँगो ३.२ की तुमची ३.२? संदर्भावरून कळत नसेल तर वाचकालाही कळत नव्हतं. ठेवायचा असेल तर नाव जोडून ठेवा.

चौथ्या ढिगातली तीन वाक्यं

पहिलं वाक्य टाइमझोनच्या पानावरचं:

‘पायथॉन ३.९ च्या आधीच्या व्हर्जनवर झोनइन्फो मॉड्यूल नाही, त्यासाठी त्याचं बॅकपोर्ट पॅकेज इन्स्टॉल करा. विंडोजवर असाल तर सोबत टीझेडडेटाही घ्या.’

आकडा ३.९, किमान ३.१०, म्हणजे अख्खं वाक्य उडवावंसं वाटतं. पण झोनइन्फो स्वतःचा डेटा आणत नाही. ते आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडची टाइमझोनची माहिती वापरतं. लिनक्स आणि मॅकवर ती सहसा असते. विंडोजवर त्याला वाचता येईल अशा रूपात ती नसते, म्हणून पायथॉन ३.१४ वरही टीझेडडेटा पॅकेज लागतं. वाक्य उडवलंत तर पुण्यातला विंडोजवाला आशिया/कोलकाता लिहील आणि टाइमझोन सापडला नाही म्हणून एरर घेऊन बसेल. योग्य बदल असा:

‘विंडोजवर टीझेडडेटा पॅकेज इन्स्टॉल करा. झोनइन्फोला लागणारी टाइमझोनची माहिती तिथे सिस्टिमकडून मिळत नाही.’

बॅकपोर्ट (नवं मॉड्यूल जुन्या पायथॉनवर देणारं पॅकेज) गेलं, आकडा गेला, कारण मात्र वाढलं. मूळ वाक्यात ते नव्हतं, आणि ते नसल्यामुळेच कोणीतरी हे वाक्य पुढे उडवलं असतं.

दुसरं वाक्य: ‘पायथॉन ३.८ पासून विंडोजवर प्रोॲक्टर लूप डिफॉल्ट असल्याने ॲड-रीडर वापरणारी आमची मॉनिटरिंगची सोय चालत नाही.’ इथे फक्त ‘पायथॉन ३.८ पासून’ एवढेच शब्द जातात. बाकी सगळं आजचं सत्य आहे. मराठीत ‘पासून’ने सुरू होणाऱ्या वाक्याचं एक बरं असतं, पुढचा भाग बहुतेक वेळा जसाच्या तसा उभा राहतो. ‘पर्यंत’ असलेलं वाक्य मात्र बहुधा पूर्ण पाडावं लागतं.

तिसरं तुमच्या लायब्ररीच्या स्वतःच्या व्हर्जनचं. स्फिंक्समध्ये बदल नोंदवायला व्हर्जनचेंज्ड ही डिरेक्टिव्ह असते. एका फंक्शनच्या खाली अशी नोंद आहे: ‘३.२ मध्ये बदललं: टाइमआउटला शून्य दिल्यास फंक्शन लगेच परतण्याऐवजी कायम वाट पाहतं.’ आता वर पॅरामीटरचं वर्णन वाचा: ‘टाइमआउट, सेकंदांत.’ बस. शून्याचा अर्थ फक्त त्या नोंदीत आहे. ती उडवण्याआधी वरचं वर्णन ‘टाइमआउट, सेकंदांत; शून्य दिल्यास मर्यादा नाही’ असं करावं लागेल. डेव्हलपर मंडळी बदल करताना वर्णन न सुधारता खाली नोंद चिकटवून मोकळी होतात, त्याचं हे फळ. नियमच करून टाका: कुठलीही अशी नोंद काढायची तर त्याच डिफमध्ये (बदलांच्या यादीत) वरचा मजकूर वाचल्याचं दिसलं पाहिजे. बदलला नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने विचारायचं, वर हे आधीच लिहिलंय का?

स्वतःच्या व्हर्जनच्या नोंदी किती मागे ठेवायच्या

याला दोन घराणी आहेत. पायथॉनची अधिकृत डॉक्स नोंदी फार काळ ठेवतात. फंकटूल्समधल्या एलआरयू कॅशेखाली ‘३.२ मध्ये आलं’ हे आजही दिसतं. जँगो याउलट वागतं. त्यांच्या रिलीजच्या पद्धतीत दोन रिलीजपूर्वीच्या अशा नोंदी काढायचं काम ठरलेलंच आहे. ४.२ च्या डॉक्समध्ये ४.० च्या नोंदी नसतात. ज्याला ४.० चं पाहायचंय त्याच्यासाठी ४.० ची डॉक्स वेगळी ठेवलेली असतात, आणि सपोर्ट संपलेल्या व्हर्जनच्या पानांवर हे व्हर्जन असुरक्षित आहे, अपग्रेड करा असा ठळक इशारा असतो.

दहा-पंधरा जणांच्या आतल्या प्रोजेक्टने जँगोची पद्धत घ्यावी. पायथॉनच्या डॉक्सचा वाचक खरोखरच पाच वेगवेगळ्या व्हर्जनवर असतो आणि एकच पान सगळ्यांना पुरवायचं असतं. तुमच्या लायब्ररीच्या वाचकाला आज इन्स्टॉल केलेल्याचं वर्णन हवं असतं. अट एकच, जुन्या व्हर्जनची डॉक्स कुठेतरी जिवंत हवीत. रीड द डॉक्स (डॉक्स ठेवायची ऑनलाइन सेवा) वापरत असाल तर ४.९ चं व्हर्जन बंद करू नका. नुसतं चालू ठेवा, वर ‘ही जुनी आवृत्ती आहे’ असा पट्टा येऊ द्या, आणि कॅनॉनिकल लिंक (मुख्य पान कुठलं हे सर्च इंजिनला सांगणारी) चालू व्हर्जनकडे असल्याची खात्री करा, म्हणजे सर्च इंजिनवरून येणारे आपोआप जुन्या पानावर पडणार नाहीत.

एक उल्लेख मुद्दाम ठेवायचा

इन्स्टॉलेशनच्या पानावर, अगदी वर, एक ओळ: ‘५.० ला पायथॉन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. ३.८ आणि ३.९ ला चालणारं शेवटचं रिलीज ४.९ आहे,’ आणि ४.९ च्या डॉक्सची लिंक. वर पिपचं जे वागणं सांगितलं त्यामुळे ही ओळ लागते. ३.९ वरच्या माणसाकडे गुपचूप ४.९ आलेलं असतं, त्याला आपण चुकीच्या पानावर आहोत हे कळायला दुसरा मार्ग नाही. ही ओळ नसेल तर तुमच्या इश्यू ट्रॅकरवर ‘डॉक्समधलं फंक्शन सापडत नाही’ अशा तक्रारी येत राहतील, आणि प्रत्येकाला तेच उत्तर टाइप करावं लागेल.

कोड, लिंक, अँकर

उदाहरणांमधला कोड बदललात तर तो चालवून बघा, आणि दोन टोकांवर: किमान व्हर्जनवर आणि सगळ्यात नव्यावर, म्हणजे इथे ३.१० आणि ३.१४ वर. स्फिंक्सचं डॉकटेस्ट एक्स्टेन्शन (डॉक्समधली उदाहरणं चालवून बघणारं) त्यासाठीच आहे. मधल्या व्हर्जनवर बिघडलं असं क्वचितच होतं. उत्साहाच्या भरात उदाहरण ३.१२ च्या सिंटॅक्सने लिहिलं आणि ३.१० वर मोडलं, हे मात्र होतं.

लिंकच्या बाबतीत लिंकचेकवर (स्फिंक्सच्या तुटक्या लिंक शोधणाऱ्या तपासणीवर) विसंबू नका. तुमची लिंक पायथॉनच्या ३.८ च्या डॉक्सकडे जात असेल तर ती तुटलेली नाही, पान जागेवर आहे, लिंकचेक हिरवा आहे, आणि वाचक जुन्या माहितीवर पोचतोय. अशा लिंक आकड्यावरूनच शोधाव्या लागतात. अधिकृत डॉक्सच्या पत्त्यात ३.८ ऐवजी नुसता ३ ठेवला की ती नेहमी चालू व्हर्जनवर जाते. स्फिंक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये इंटरस्फिंक्सचा (दुसऱ्या प्रोजेक्टच्या डॉक्सकडे आपोआप लिंक करणाऱ्या सोयीचा) पत्ताही तपासा, तो प्रोजेक्ट सुरू झाला त्या वर्षातच गोठलेला असतो.

शीर्षक बदललं की अँकर (पानातल्या त्या भागाचा पत्ता) बदलतो, हे विसरलं जातं. ‘पायथॉन ३.८ वर इन्स्टॉल करणं’ हे शीर्षक नुसतं ‘इन्स्टॉल करणं’ झालं की त्या भागाकडे येणाऱ्या बाहेरच्या सगळ्या लिंक पानाच्या डोक्यावर जाऊन पडतात. शीर्षकाच्या वर स्वतःचं लेबल द्या आणि जुनं लेबलही तिथेच राहू द्या. पान पूर्ण काढत असाल तर रीडायरेक्ट लावा. बिल्ड करताना वॉर्निंगला एरर मानणारा पर्याय आणि निटपिकी मोड (न सापडलेल्या प्रत्येक संदर्भावर वॉर्निंग देणारा) चालू ठेवला की आतल्या तुटक्या संदर्भांपुरतं तरी मशीन तुमच्यासाठी पाहील.

भाषांतरकारांना आधी कळवा

डॉक्सची भाषांतरं गेटटेक्स्टच्या पीओ फाइलमधून (मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर अशा जोड्यांच्या फाइलमधून) होत असतील तर इंग्रजी मूळ वाक्यातला एक स्वल्पविराम बदलला तरी ते वाक्य भाषांतराच्या दृष्टीने नवं होतं. जुळणारं जुनं भाषांतर सापडलं तर त्यावर फझीची (पुन्हा तपासायला हवं अशी) खूण लागते, आणि फझी भाषांतर तयार फाइलमध्ये घेतलं जात नाही. परिणाम असा की आकडा काढायच्या साध्या कामामुळे मराठी पानावर अचानक मध्येच इंग्रजी परिच्छेद दिसू लागतात.

म्हणून दोन गोष्टी. एक, ज्या परिच्छेदातून आकडा काढताय तिथे शैली सुधारायचा मोह आवरा. बदललेलं प्रत्येक वाक्य म्हणजे प्रत्येक भाषेतल्या कोणा स्वयंसेवकाचं काम. दोन, रिलीजच्या आधी पुरेसा अवधी ठेवून स्ट्रिंग गोठवा, म्हणजे मूळ वाक्यं बदलणं थांबवा, आणि भाषांतर करणाऱ्यांना बदललेल्या वाक्यांची यादी द्या. ज्या वाक्यांत फक्त ‘३.९ पासून’ गेलंय तिथे फझी खूण काढणं त्यांना काही सेकंदांचं काम असतं, पण त्यांना तसं सांगितलं तर.

पीआर कसा मांडायचा

एका कमिटमध्ये सगळं कोंबू नका. पहिल्या कमिटमध्ये यांत्रिक बदल: पूर्ण जाणाऱ्या नोंदी, लिंकमधले आकडे, इमेज टॅग. रिव्ह्यू करणारा ते भराभर पाहू शकतो. चौथ्या ढिगातले बदल वेगळ्या कमिटमध्ये, पानागणिक एक. हे वाचायला वेळ लागतो आणि तसा तो दिसला पाहिजे. वर्णनात शोधासाठी वापरलेला पॅटर्न लिहून ठेवा, आणि जे उल्लेख मुद्दाम ठेवले त्यांची यादी कारणासकट. नाहीतर पुढच्या महिन्यात कोणी उत्साही नवा माणूस ‘एक राहिलंच की’ म्हणून इन्स्टॉलेशनवरची ती ओळ काढणारा पीआर पाठवतो.

हा पीआर कधी मर्ज करायचा? कोडमधला सपोर्ट काढणारा पीआर मर्ज होतो त्याच शाखेवर, त्याच रिलीजमध्ये. आधी नाही, कारण तोवर ३.९ वाले खरोखर तुमचे वापरकर्ते आहेत. आणि हे बदल ४.९ च्या शाखेवर न्यायचे नाहीत.

पुढच्या ऑक्टोबरसाठी

किमान व्हर्जन डॉक्समध्ये हाताने लिहिणं बंद करा. स्फिंक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये पायप्रोजेक्ट फाइल टॉमलिबने वाचा, रिक्वायर्स-पायथॉनमधला आकडा काढा आणि आरएसटी-प्रोलॉगमध्ये (प्रत्येक पानाच्या सुरुवातीला आपोआप जोडल्या जाणाऱ्या मजकुरात) त्याचं सबस्टिट्यूशन, म्हणजे जागच्या जागी भरलं जाणारं नाव, बनवा. डॉक्स बिल्ड करायला पायथॉन ३.११ किंवा पुढचं लागेल, पण ते सीआयमध्ये चालतं, वाचकाला त्याचं देणंघेणं नाही. अडचण एवढीच की साध्या कोड-ब्लॉकमध्ये सबस्टिट्यूशन चालत नाही. तिथे पार्स्ड-लिटरल (सबस्टिट्यूशन चालणारा ब्लॉक) वापरा, किंवा कमांडमध्ये आकडा येणारच नाही अशी रचना करा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो.

मग सीआयमध्ये एक छोटी तपासणी: किमान व्हर्जनपेक्षा लहान पायथॉनचा आकडा डॉक्समध्ये सापडला तर बिल्ड लाल. आकड्यांची तुलना स्ट्रिंग म्हणून करू नका, नाहीतर ३.१० हे ३.९ पेक्षा लहान ठरेल. टिंबावर तोडून दोन पूर्णांकांची जोडी करा किंवा पॅकेजिंग लायब्ररीतला व्हर्जन क्लास वापरा. तपासणीतून वगळायच्या जागा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा: चेंजलॉगचं फोल्डर, अपग्रेडचं मार्गदर्शन, इन्स्टॉलेशनच्या पानावरची ती एक ओळ. शब्दसीमेसह लिहिलेला पॅटर्न तरीही कधीतरी जँगो ३.२ ला पायथॉन समजून अडेल. तेव्हा वगळायच्या यादीत ओळ वाढवण्याऐवजी आधी त्या वाक्यात ‘जँगो’ हा शब्द आकड्याला चिकटून आहे का ते पाहा.